शिक्क्यापासून निशाणीपर्यंत

आजऱ्याच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा चालला आहे असं धरा. वादीने जुन्या खरेदीखताची झेरॉक्स पुढे केली. मूळ कागद कुठे गेला, याचा खुलासा नाही. आता तिच्यावर निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, पडणार. प्रतिवादीच्या वकिलाने त्याच वेळी उठून ‘साहेब, हरकत नोंदवावी’ म्हटलं, तर मुद्दा जिवंत राहतो. तो गप्प बसला, तर अपिलात कितीही घसा कोरडा केला तरी उपयोग नाही. कागद कोणत्या रीतीने शाबीत झाला याबद्दलची हरकत तो दाखल होतानाच घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये वेंकटाचल गौंडर खटल्यात स्पष्ट केलं.

ही रीत आली कुठून? 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतून, हे सरळ उत्तर. तिच्या आधी 1882 ची संहिता होती. पण आदेश 18, नियम 11 नीट वाचला की एक वेगळाच पूर्वज दिसतो. साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नावर हरकत आली आणि तरीही न्यायाधीशांनी प्रश्न विचारू दिला, तर प्रश्न, उत्तर, हरकत, ती घेणाऱ्याचं नाव आणि न्यायालयाचा निर्णय, हे सगळं न्यायाधीशांनी लिहून घ्यायचं. हरकत फेटाळली गेली की मगच हा नियम जागा होतो.

नेमकी हीच खूण 1285 च्या इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्यात सापडते. तिथे वरच्या न्यायालयापुढे जाणाऱ्या दप्तरात दाव्याची कैफियत आणि निकाल असे. न्यायाधीश सुनावणीत काय बोलले, याचा मागमूस नसे. म्हणून 31 व्या प्रकरणात तोड काढली: आक्षेप नाकारला गेला, तर पक्षकाराने तो लिहून काढावा आणि न्यायाधीशांनी त्यावर शिक्का मारावा. एकाने नकार दिला, तर त्याच्या सोबत्याने मारावा! आपल्याच चुकीचा पुरावा ठरू शकणाऱ्या कागदावर न्यायाधीशाने स्वतःचा शिक्का उठवायचा, ही कल्पना मला विलक्षण वाटते. इंग्लंडने 1875 च्या सुमारास दिवाणी कामातून ती काढून टाकली. आपल्याकडे तिचं सत्त्व संहितेत राहिलं.

या रीतीचं मूळ मराठेशाहीतच आहे, असंही म्हणता येईल. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लेखी होत, महजर होत, निवाडापत्रं होत, हे खरंच. पण तकरीर म्हणजे आपली बाजू. निवाडा करणाऱ्याने काय नाकारलं याची, पुढच्या पायरीसाठी केलेली नोंद म्हणजे तकरीर नव्हे. उलट हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेत, म्हणजे हार त्याच्याच हातून कागदावर येई आणि वाद पुन्हा उकरायची वाट बंद होई. वाद तरीही उकरले जात, ते सोडा. पण कागदाचा रोख मिटवण्याकडे होता. हरकतीचा कागद मात्र दार किलकिलं ठेवतो. म्हणून माझ्या मते कुळ शिक्क्याचंच.

शिक्का मोडून न्यायाधीशांच्या हातात लेखणी कशी आली? माझा तर्क असा की हे इथल्या अपिलांमुळे झालं. इंग्लंडात वस्तुस्थितीचा कौल ज्युरी देई. इथे मुफसल, म्हणजे जिल्ह्यांतल्या, न्यायालयाच्या दाव्यातली वस्तुस्थितीही वरचं न्यायालय पुन्हा तपासणार, तीही कागदावरून. मग साक्ष लिहिणाऱ्यानेच हरकतही लिहावी, हे ओघाने आलं.

पुढे हरकतींवरच दिवस जाऊ लागले. 2001 मध्ये बिपिन शांतिलाल पांचाळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरकत नोंदवा, कागदावर तात्पुरती निशाणी टाका, निर्णय शेवटी द्या. मुद्रांक कमी असल्याची हरकत मात्र तिथल्या तिथे निकालात काढा. 2002 पासून सरतपास, म्हणजे साक्षीदाराची त्याला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होऊ लागला. पिंजऱ्यात प्रश्नच विचारला जात नाही, तर हरकत कुठल्या क्षणी घ्यायची? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला 2008 मध्ये हेमेंद्र घिया प्रकरणात हरकत केव्हा घ्यायची आणि तिचा निर्णय केव्हा द्यायचा, याचाच खल करावा लागला.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात याच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. आजऱ्याच्या दाव्यातलं दुसरं अपील आता मुंबईला न्यावं लागत नाही. मात्र कलम 100 प्रमाणे तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो, आणि झेरॉक्सवर निशाणी पडताना रोजनाम्यात किंवा जबाबात हरकत लिहिली गेली नसेल, तर तो प्रश्न तिथवर पोचतच नाही.