तीन रंग, एकच चव : 'मास इफेक्ट ३'च्या शेवटाचा इतिहास

१/ मार्च २०१२. 'मास इफेक्ट ३' हा अंतराळयुद्धाचा गेम बाजारात आला आणि काही दिवसांतच त्याच्या सर्वांत निष्ठावान चाहत्यांनी बंड पुकारले. रोषाचे कारण होती शेवटची काही मिनिटे. कलाकृतीचा शेवट कोणाच्या मालकीचा, हा जुना प्रश्न त्यातून नव्याने उभा राहिला.

२/ थोडी पार्श्वभूमी. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली जपानमध्ये घडवलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ला शेवटच नव्हता. शत्रूची एक फळी संपली की दुसरी उतरे आणि अखेर हार खेळणाऱ्याचीच होई. तिथे शेवटाविषयी तक्रार कसली करणार?

३/ कॅनडातील बायोवेअर कंपनीने मांडलेला डाव वेगळा होता. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग, नायक एकच : कमांडर शेपर्ड. एका भागातले निर्णय पुढच्या भागात सोबत येत. पहिल्या भागात रेक्स हा साथीदार मारला गेला, तर तिसऱ्या भागात त्याच्या जागी त्याचा भाऊ उभा असे. आपल्या निर्णयांना अर्थ आहे, हा विश्वास चाहत्यांनी पाच वर्षे जपला.

४/ आणि मग शेवट. दर पन्नास हजार वर्षांनी प्रगत संस्कृतींचा संहार करणाऱ्या 'रीपर' यंत्रांचे काय करायचे? नाश, ताबा की सजीव-यंत्रांचे एकीकरण? निवड काहीही असो, पडद्यावरची दृश्ये जवळपास तीच; बदले तो मुख्यतः स्फोटाचा रंग. लाल, निळा, हिरवा. साथीदारांचे पुढे काय झाले, याचा उलगडाच नव्हता.

५/ निषेधही अनोखा होता. चाहत्यांनी 'चाइल्ड्स प्ले' या मुलांसाठीच्या धर्मादाय संस्थेकरिता ८०,००० डॉलरहून अधिक निधी उभारला. हे पैसे नव्या शेवटासाठी आहेत, असा काही देणगीदारांचा समज झाल्याने ती मोहीम थांबवावी लागली. पुढे बायोवेअरच्या कार्यालयात सुमारे चारशे कपकेक पोहोचले : लाल, निळे, हिरवे आणि चवीला सगळे सारखे! या शेवटाची इतकी नेमकी समीक्षा क्वचितच कोणी लिहिली असेल.

६/ आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये मारलेला शेरलॉक होम्स १९०३ मध्ये जिवंत परत आणला होता. बायोवेअरने मात्र मूळ शेवट बदलला नाही. जून २०१२ मध्ये विनामूल्य दिलेल्या विस्तारित आवृत्तीत तोच शेवट अधिक उलगडून दाखवला.

७/ त्यात एक चौथी वाटही जोडली गेली : नकार. तिन्ही पर्याय धुडकावले, तर शेपर्ड हरतो आणि सारी संस्कृती नष्ट होते. पण लियारा या सहकारिणीने पुरून ठेवलेल्या नोंदी मागे उरतात आणि त्यांच्या आधारे पुढचे युग वाचते.

८/ चाहत्यांच्या बंडाची गतही काहीशी तशीच झाली. त्यांना हवा तो शेवट मिळाला नाही. पण खेळणाऱ्याला निवडीचे वचन दिले की त्याचा हिशेब शेवटी द्यावा लागतो, ही नोंद मात्र पुढच्यांसाठी राहिली.