बेसबॉल-प्रक्षेपण

बेसबॉलच्या सामन्याचे आकडे, धावते वर्णन किंवा चित्रण क्रीडांगणाबाहेरील रसिकांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था. तिचा उगम व विकास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेचा विचार मुख्यतः घरी बसून खेळाचा मागोवा घेणाऱ्या रसिकाच्या दृष्टीने केला आहे.

अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत १९९८ पासून तीस संघ असून प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ दररोज सामने होतात. यांपैकी निम्मे सामने परगावी असल्यामुळे अत्यंत निष्ठावान रसिकासही आपल्या संघाचा बहुतांश खेळ क्रीडांगणावर प्रत्यक्ष पाहता येत नाही. बेसबॉलचा रसिक हा म्हणूनच प्रामुख्याने घरी बसून खेळ अनुभवणारा रसिक आहे. मात्र न पाहिलेल्या सामन्यावर त्याचा हक्क कितपत, हा प्रश्न प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर पुन्हा उपस्थित झाला. संघमालकांनी त्याला कधी भावी ग्राहक मानले, तर कधी तिकीट न काढता खेळ लुटणारा परका.

वृत्तपत्रे व तारायंत्र : दूरस्थ रसिकाचे पहिले साधन म्हणजे ‘बॉक्स स्कोअर’ हा सामन्याचा संक्षिप्त तक्ता. त्याचे प्राथमिक रूप न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात १८४५ मध्ये आढळते. त्याला शिस्तबद्ध स्वरूप देण्याचे श्रेय हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) या पत्रकाराकडे जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेला चॅडविक प्रथम क्रिकेटचा वार्ताहर होता आणि क्रिकेटच्या धावपुस्तकाची पद्धत त्याने बेसबॉलला लावली. चेंडू टोलविता न आल्याने फलंदाज बाद झाल्यास ‘के’ हे अक्षर लिहिण्याचा प्रघात त्याच्यापासून चालत आला आहे. पुढे क्षेत्ररक्षकांच्या जागांना एक ते नऊ असे क्रमांक मिळाले. त्यामुळे ‘६-४-३’ एवढ्या नोंदीवरून शॉर्टस्टॉपने चेंडू दुसऱ्या बेसवरील खेळाडूकडे, त्याने तो पहिल्या बेसवरील खेळाडूकडे फेकला आणि दोन गडी बाद झाले, हे जाणकार वाचकास कळते. सकाळच्या न्याहारीबरोबर वृत्तपत्रातील हे तक्ते वाचणे ही अमेरिकन घरांतील एक रूढ सवय बनली.

तारायंत्रामुळे सामन्याची वार्ता त्याच वेळी दूरच्या शहरी पोहोचू लागली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जागतिक मालिकेच्या वेळी वृत्तपत्र-कार्यालयांच्या दर्शनी भागावर मोठे फलक उभारीत. त्यांवर मैदानाची आकृती असे आणि तारेने आलेल्या वार्तेनुसार चेंडूची व धावणाऱ्या खेळाडूंची चिन्हे सरकविली जात. रस्त्यात उभे असलेले हजारो लोक या चिन्हांच्या हालचालीवर टाळ्या वाजवीत. खेळ डोळ्यांनी न पाहता खुणांवरून मनात उभा करण्याची सवय नभोवाणीपूर्वीच लागलेली होती.

नभोवाणी : प्रमुख स्पर्धेतील सामन्याचे पहिले नभोवाणी-प्रक्षेपण ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए या केंद्राने केले. फोर्ब्ज फील्ड येथे पिट्सबर्ग पायरट्सने फिलाडेल्फिया फिलीजचा ८–५ असा पराभव केला आणि हॅरल्ड आर्लिन याने त्याचे वर्णन ऐकविले. त्याच वर्षी जागतिक मालिकेचेही प्रक्षेपण झाले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, आजारी माणसे, शेतकरी आणि रेल्वेपासून दूरच्या वस्त्यांत राहणारे लोक यांना सामन्याची प्रगती प्रथमच घडत्या क्षणी कळू लागली. त्या काळी सर्व सामने दिवसा होत असल्याने दुपारी घरी असणाऱ्यांचा श्रोतृवर्ग विशेष महत्त्वाचा ठरला.

संघमालकांत मात्र दुमत होते. फुकट ऐकावयास मिळाल्यावर तिकीट कोण काढील, असा बहुतेकांचा प्रश्न होता. शिकागो कब्जचे मालक विल्यम रिग्ली (धाकटे) यांनी याउलट प्रक्षेपणास मुक्तहस्ते परवानगी दिली. १९२७ मध्ये या संघाच्या घरच्या सामन्यांना दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले व नॅशनल लीगमध्ये हा टप्पा प्रथमच गाठला गेला. या वाढीस संघाच्या सुधारलेल्या खेळाचाही हातभार होता. तथापि प्रक्षेपणामुळे मैदाने ओस पडतात, हे मत टिकणे त्यामुळे कठीण झाले. तरीही न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ मध्ये पाच वर्षे प्रक्षेपण न करण्याचा करार केला. १९३९ च्या हंगामात ब्रुकलिन डॉजर्सचे लॅरी मॅक्फेल यांनी त्यातून अंग काढून घेऊन रेड बार्बर या समालोचकास सिनसिनाटीहून आणले, तेव्हा हा निर्बंध संपुष्टात आला.

मैदानावर समालोचक पाठविणे खर्चाचे असल्यामुळे अनेक केंद्रे ‘पुनर्रचित’ वर्णन ऐकवीत. तारेने आलेल्या त्रोटक संकेतांवरून निवेदक स्टुडिओत बसून सामना रंगवी; लाकडावर टकटक करून टोल्याचा आणि ध्वनिमुद्रिकेवरून गर्दीचा आवाज काढी. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रॉनल्ड रेगन यांनी तरुणपणी आयोवातील एका केंद्रावर हे काम केले होते. एकदा तार मध्येच बंद पडली असता ती पुन्हा सुरू होईपर्यंत आपण फलंदाजाला एकामागून एक ‘फाउल’ टोले मारावयास लावले, अशी आठवण ते सांगत असत.

वृत्तावरील हक्काचा वाद : पिट्सबर्ग येथील केक्यूव्ही या केंद्राने फोर्ब्ज फील्डबाहेरील उंच जागेवर निरीक्षक बसवून परवानगीविना वर्णन देण्यास प्रारंभ केला. संघाने प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्यांना विकलेले असल्याने प्रकरण न्यायालयात गेले. सामना घडवून आणण्यासाठी संघ पैसा व श्रम खर्च करतो, म्हणून सामन्याच्या वृत्तावर वाजवी काळापुरते त्याचे नियंत्रण असते, असा निर्णय १९३८ मध्ये संघराज्य-न्यायालयाने दिला. प्रक्षेपण-हक्कांच्या पुढील व्यापारास या निर्णयाने बळ दिले. नऊ डावांचा खेळ विकत घेता व विकता येतो, हे निश्चित झाले. श्रोत्याचा मात्र त्यात पक्षकार म्हणून विचार झाला नाही.

दूरचित्रवाणी : प्रमुख स्पर्धेतील सामने प्रथम २६ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड येथून दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. १९४७ ची जागतिक मालिका प्रथमच दूरचित्रवाणीवर आली. त्या वेळी संच महाग असल्याने बहुसंख्य प्रेक्षकांनी ती मद्यालयांत पाहिली. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स व ब्रुकलिन डॉजर्स यांच्यातील निर्णायक सामने किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत दिसले. ३ ऑक्टोबर रोजी अखेरच्या डावात बॉबी टॉमसनने होमरन मारून जायंट्सना ५–४ असा विजय मिळवून दिला. रस हॉजेस याने नभोवाणीवर त्याचे केलेले उत्तेजित वर्णन आजही ऐकता येते, ते घरच्या रसिकामुळेच. ब्रुकलिनमधील एका रसिकाला कामावर जावयाचे होते. त्याने आईला ध्वनिमुद्रक सुरू करण्याची विनंती केली आणि तिने ती पाळली.

दूरचित्रवाणीची हानीही झाली. मोठ्या शहरांतील सामने घरी दिसू लागल्यावर छोट्या गावांतील दुय्यम संघांचे प्रेक्षक घटले. अशा संघांच्या १९४९ मध्ये ५९ स्पर्धा होत्या. पुढील दीड दशकात त्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच उरल्या. मोटारगाडी व बदलती नागरी वस्ती हीदेखील त्याची कारणे होत. याच काळात ट्रान्झिस्टरने नभोवाणीस नवे आयुष्य दिले. १९५८ मध्ये डॉजर्स संघ लॉस अँजेल्सला गेल्यानंतर तेथील विशाल कोलिसियममध्ये दूरच्या आसनांवर बसलेले प्रेक्षक समोर चाललेला खेळ समजण्यासाठी ट्रान्झिस्टरवर व्हिन स्कली यांचे वर्णन ऐकत. स्कली यांनी १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम हे काम केले.

उपग्रहाद्वारे १९७६ पासून अटलांटाचे आणि १९७८ पासून शिकागोचे केंद्र देशभर दिसू लागले. शिकागोच्या रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत प्रकाशझोत नसल्याने घरचे सर्व सामने दिवसाच होत. शाळेतून परतलेली मुले व निवृत्त माणसे यांमुळे कब्जचे अनुयायी झाली, जरी त्यांपैकी अनेकांनी ते शहर कधी पाहिले नव्हते.

रसिकाचा दिवस : पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील घड्याळांत तीन तासांचा फरक असल्याने सर्व संघ खेळत असलेल्या दिवशी सामन्यांची रांग लागते. पूर्वेकडील वेळेप्रमाणे दुपारी एकच्या सुमारास पहिला सामना सुरू होतो, सायंकाळी सातनंतर अनेक सामने एकाच वेळी चालतात आणि कॅलिफोर्नियातील सामना रात्री दहाच्या सुमारास प्रारंभ होऊन मध्यरात्रीनंतर संपतो. भारतीय प्रमाणवेळेनुसार हाच काळ रात्री साडेदहापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत येतो. या बारा तासांत घरचा रसिक एका सामन्याचे चित्र, दुसऱ्याचे वर्णन व इतरांचे आकडे एकत्र ठेवीत असतो; काही जण स्वतःच्या वहीत प्रत्येक फलंदाजाची नोंदही करतात. खेळाच्या दोन चेंडूंमधील विरामामुळे हे शक्य होते. २०२३ मध्ये पिचरवर कालमर्यादा घालण्यात आली आणि सामन्याची सरासरी लांबी सुमारे तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. त्यामुळे हा विराम आखडला. खेळ मात्र अधिक सलग झाला.

रसिकांचे संशोधन : घरबसल्या नोंदीतून स्वतंत्र विद्याही निर्माण झाली. बेसबॉलच्या संशोधकांची संस्था १९७१ मध्ये कूपर्सटाउन येथे स्थापन झाली. कॅन्झसमधील एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी असलेल्या बिल जेम्स यांनी वृत्तपत्रांतील तक्त्यांवरून केलेले विश्लेषण १९७७ पासून स्वखर्चाने प्रसिद्ध केले. पुढे संघांचे व्यवस्थापकही तसेच आकडे वापरू लागले. प्रत्येक चेंडूचा तपशील संघटनांकडून सहज मिळत नसल्याने स्वयंसेवकांनी १९८४ मध्ये सामने नोंदविण्याचा उपक्रम आरंभिला, तर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘रेट्रोशीट’ या संस्थेने जुन्या सामन्यांच्या नोंदी जमवून त्या सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. खेळाडूंची नावे व आकडे ही सार्वजनिक माहिती असून काल्पनिक संघांच्या खेळात ती परवान्याशिवाय वापरता येते, असा निर्णय २००७ मध्ये अपील न्यायालयाने दिला. १९३८ नंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी न्यायालयात रसिकांच्या खेळाची बाजू मान्य झाली.

जपान : जपानमध्ये कोशिएन येथील शालेय स्पर्धेचे १९२७ मध्ये नभोवाणीवर प्रक्षेपण झाले. १९५३ मध्ये खाजगी दूरचित्रवाणी सुरू झाल्यावर चौकांत बसविलेल्या संचांसमोर बेसबॉल पाहण्यासाठी मोठी गर्दी जमे. संच घरोघरी आल्यावर ती घरात शिरली.

आंतरजाल व स्थानिक बंदी : २६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूयॉर्क यांकीज व टेक्सस रेंजर्स यांचा सामना आंतरजालावरून प्रथम दाखविण्यात आला; दुसऱ्या वर्षी वर्गणी भरून सामने पाहण्याची नियमित सोय झाली. तिच्यामुळे भारतातील रसिकासही सामने उपलब्ध झाले. विसंगती अशी, की स्थानिक वाहिन्यांना विकलेल्या हक्कांमुळे वर्गणीदाराला नेमका आपल्याच भागातील संघ पाहता येत नसे. आयोवा राज्यात प्रमुख स्पर्धेचा एकही संघ नसताना तेथील रसिकांवर दीर्घकाळ शेजारच्या सहा संघांबाबत अशी बंदी होती. प्रादेशिक वाहिन्या चालविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे २०२३ मध्ये दिवाळे निघाल्यावर सॅन डिएगोसारख्या काही संघांचे प्रक्षेपण स्पर्धेच्या संघटनेने स्वतःकडे घेतले आणि तेथील बंदी उठली.

साथीच्या रोगामुळे २०२० चा हंगाम ६० सामन्यांचा झाला व नियमित हंगामातील क्रीडांगणे प्रेक्षकांविना राहिली. गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज रिकाम्या मैदानांत पुन्हा वाजविला गेला, जसा पूर्वी तो स्टुडिओत वाजविला जात असे. त्या हंगामात खेळाचा सारा रसिकवर्ग घरीच होता. ज्याला संघमालकांनी एकेकाळी परका मानले, त्याच्याच आधारावर स्पर्धा त्या वर्षी उभी राहिली.