कुंपणातला कामगार

आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास गिरणीच्या दरवाजापासून सुरू होतो. भोंगा, पाळी, पगार, संप. कामगार त्या दरवाजापर्यंत येत कोठून होता, हे क्वचितच विचारले जाते. सोलापुरात काही कामगार तारेच्या कुंपणातून येत होते.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यासही लागू करण्यात आला. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींना त्याने पिढीजात गुन्हेगार ठरविले. आरोप नाही, साक्षीपुरावा नाही. सरकारी जाहीरनामा निघाला की शिक्षा सुरू, आणि त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाटही कायद्यानेच बंद केलेली. बोटांचे ठसे, हजेरी, बाहेर पडायला पास. सोलापूर, हुबळी, गदग या गिरण्यांच्या गावी सेटलमेंटी उभ्या राहिल्या, हा योगायोग नव्हे. सरकार त्याला सुधारणा म्हणे. मालकाला पळून न जाणारा मजूर मिळाला.

1938 मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संप करणाऱ्याला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे, अशी भूमिका बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडली आणि 7 नोव्हेंबरला कामगारांनी संप केला. तो लढा आपण अभिमानाने सांगतो, सांगितलाच पाहिजे. पण ज्याच्यावर हजेरीचा पहारा आधीपासूनच होता, त्याच्या दृष्टीने ते विधेयक कितीसे नवे होते? इतरांच्या डोक्यावर जी टांगती तलवार येऊ घातली होती, तिच्याखालीच तो जन्मला होता.

माझ्या वर्गातल्या सोलापूरकडच्या एका मुलाने हे शिकवताना विचारले, "सर, गिरणीत युनियन होती ना? मग आमच्या पणजोबाची हजेरी तिने का बंद पाडली नाही?" मी त्याला तारखा सांगितल्या. ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले.

वर्गाचा विचार करणाऱ्यांनी वर्ण बाजूला ठेवला, हा आपला जुना आक्षेप. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखाते बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या काळात तो प्रश्न पुढे आणला. कुंपणातल्या कामगाराची गोष्ट याच्याही पलीकडची. पगारवाढ मिळाली तरी पोलिसाच्या वहीतले त्याचे नाव खोडले जाणार नव्हते. म्हणून ती वही हाच त्याचा कामगार-प्रश्न होता.

31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, तोवर सराईत गुन्हेगारांचे कायदे येऊ लागले होते. मुंबई राज्याचा 1959 चा. जमातीचे नाव गेले, वही राहिली. नोकरीआधीच्या चारित्र्य पडताळणीत तिची सावली आजही पडते. संशयावरून उचलून नेलेला आणि पुढे निर्दोष सुटलेला पोरगासुद्धा वॉचमनच्या कामासाठी नालायक ठरतो.

आणि तुरुंगात? झाडू कोणी मारायचा आणि भाकरी कोणी भाजायची, हे अनेक राज्यांच्या नियमावल्यांत जातीवर ठरत होते. विमुक्त जमातींना तिथेही सराईत गुन्हेगारांत ढकलले जाई. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 ला असे नियम घटनाबाह्य ठरविले. तुरुंगातले काम हेही कामच, आणि ते जातीवर लादणे ही वेठ. ती याचिका केली होती एका पत्रकार महिलेने, कुठल्या कामगार संघटनेने नव्हे.