गटारातले चार तास
वॉरिकशायरमधल्या बॅडस्ली क्लिंटन या गढीवजा घराचा खंदक सगळे बघतात. मला तिचं जुनं दगडी गटार जास्त बोलकं वाटतं. परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूनं इंग्लंडमध्ये राहणं १५८५ च्या कायद्यानं राजद्रोह ठरलं होतं. शिक्षा थेट मृत्यू. १५९१ च्या ऑक्टोबरात इथं धाड पडली. तेव्हा घर वॉक्स बहिणींनी भाड्यानं घेतलेलं. वर शिपाई खोल्या उचकटत होते, खाली गटारात हेन्री गार्नेट आणि सोबती पाण्यात पाय बुडवून चार तास उभे. सापडले नाहीत. ही लपण केली निकोलस ओवेन या सुतारानं, असं मानतात. १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळ होऊन तो मेला. लपणी मात्र त्यानं सांगितल्या नाहीत.