आवक, भाव आणि त्यांच्यातले नाते : प्रस्तावना

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव झाले की दिवसाची आवक आणि क्विंटलचा किमान, कमाल व सर्वसाधारण दर नोंदला जातो. आवक वाढली की भाव पडतो, हे निफाड-येवल्याकडे कोणीही सांगेल. पण हे नाते किती घट्ट आहे? त्याचे उत्तर एका संख्येत देता येते. ती संख्या म्हणजे सहसंबंध गुणांक; तो उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यान असतो. तो जावास्क्रिप्टमध्ये स्वतःच्या हाताने काढायला शिकवावे, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. गणिताची भीती बाळगणाऱ्यांनीही यावे. दहावीची बीजगणिताची तयारी पुरते.

ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली, ती वेबपानांत हालचाल आणण्यासाठी. तिच्या गणिती भांडारात वर्गमूळ आहे, सहसंबंध नाही. ही उणीव शिकणाऱ्याच्या फायद्याची आहे, कारण सूत्र स्वतः लिहावे लागते. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1888 मध्ये मांडलेल्या सहसंबंधाच्या कल्पनेला कार्ल पिअर्सन यांनी 1896 मध्ये आज वापरले जाणारे रूप दिले. आधी दोन्ही स्तंभांच्या सरासऱ्या काढायच्या, मग प्रत्येक नोंद सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे. जोडीतल्या विचलनांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यायची आणि दोन्ही स्तंभांच्या विचलनवर्गांच्या बेरजांचा गुणाकार करून त्याच्या वर्गमुळाने तिला भागायचे. दहा-बारा ओळींत काम होते.

आकडे एकदाच वाचून उत्तर देणारे जवळचे सूत्रही पाठ्यपुस्तकांत असते. संगणकावर ते जपून वापरावे. जावास्क्रिप्ट वेळ 1 जानेवारी 1970 पासूनच्या मिलिसेकंदांत मोजते. काही मिनिटांच्या लिलावातल्या वेळा या रूपात घेतल्या, तर प्रचंड वर्गांच्या वजाबाकीत खरा फरक पुसला जातो. म्हणून या पुस्तकात सरासरी आधी वजा केली आहे.

सर्वांत जास्त पाने मात्र मी रिकाम्या रकान्यांना दिली आहेत. बाजार बंद असला की आवक नाही आणि भावही नाही. तक्त्यात दोन्ही जागा कोऱ्या राहतात. जावास्क्रिप्टला कोऱ्या मजकुराची संख्या करायला सांगितली तर ती मुकाट्याने शून्य देते. शून्य आवक, शून्य भाव. अशा काही जोड्या मिसळल्या की आवक-भावाचे उलटे नाते सरळ दिसू शकते, आणि पडद्यावर चूक झाल्याचा कसलाही इशारा येत नाही. स्वल्पविरामाचेही तसेच: ‘1,250’ हा दर मजकुरातून संख्या वाचणाऱ्या पार्सफ्लोट या फंक्शनला दिला की तो 1 होतो. या दोन दोषांनी बिघडलेले उत्तर बरोबर उत्तराइतकेच नीटनेटके दिसते, म्हणून गुणांकाआधी सफाई शिकवली आहे.

हिशेब बिनचूक झाला तरी कांदा सरळ रेषेत वागत नाही. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत राहतो, आणि भाव चढला की शेतकरी तो बाहेर काढतो. तिथे भाव पुढे आणि आवक मागे असू शकते. दोन्ही हंगाम एकाच स्तंभात ओतले तर मिळणारा गुणांक कोणत्याच हंगामाचा नसतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली; तेव्हाचे भाव समजायला आवकेचा स्तंभ पुरेसा नाही. बाहेरच्या एका निर्णयाचा परिणाम आवकेच्या खात्यावर टाकणे मला शेतकऱ्यावर अन्याय वाटतो.

सरळ रेषेत न बसणाऱ्या अशा नात्यांसाठी स्पिअरमन यांचा 1904 चा क्रमांकांवर आधारलेला गुणांक पुढे येतो, आणि अँस्कम यांचे 1973 मधले आकड्यांचे चार संचही. त्या चारही संचांचा गुणांक जवळपास 0.816 आहे, पण आलेख काढले की चार निरनिराळी चित्रे दिसतात. पहिल्या प्रकरणात म्हणूनच सूत्र नाही. तिथे एका हंगामाचे आवक-भावाचे ठिपके ब्राउझरमध्ये मांडायचे आहेत. आपल्या जवळच्या बाजार समितीचे आकडे घेऊन बसा.