समुद्र गोड झाला त्या रात्री

मी अंधेरीचा. खरं म्हणजे मरोळचा. पण मरोळ म्हटलं की गावाकडचे पाहुणे ‘ते कुठे आलं?’ असं विचारतात, म्हणून अंधेरी सांगायचं. पोटासाठी छापखान्यात प्रूफं तपासली, उरलेल्या वेळात कविता केल्या. शिक्षण बीए, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी थोडं विज्ञान सांगणार आहे आणि ते सगळं ऐकीव आणि वाचीव आहे.

१८ ऑगस्ट २००६, शुक्रवार. रात्री साडेदहाच्या सुमारास मी चर्चगेटहून सुटलेल्या स्लो गाडीत होतो. माहीमला गाडी थांबली आणि डब्यात माणसांऐवजी बाटल्याच चढल्या म्हणा ना! प्लास्टिकच्या बाटल्या, दुधाची किटली, एका बाईंच्या हातात तर चक्क औषधाची रिकामी बाटली. सगळ्यांचे पाय चिखलात भरलेले आणि चेहरे असे, जणू लग्नघरातून जेवून आलेत. ‘समुद्र गोड झालाय!’ एक पोरगा ओरडला. ‘बाबांची करामत!’

बाबा म्हणजे मखदूम फकीह अली माहिमी. माहीमला त्यांचा दर्गा आहे. पंधराव्या शतकात होऊन गेलेला हा मोठा विद्वान माणूस. कुराणावर अरबी भाषेत त्यांनी भाष्य लिहिलं. डिसेंबरात त्यांची जत्रा भरते तेव्हा मानाचा पहिला संदल मुंबई पोलीस घेऊन जातात. इतक्या अभ्यासू माणसाच्या नावावर लोकांनी भाष्य ठेवलं नाही, समुद्रात साखर ढवळण्याचं काम ठेवलं. आमच्या समाजाची ही जुनी खोड आहे. आमच्याच का, सगळ्यांची आहे.

त्या पोराने बाटली उघडली आणि डबाभर फिरवली. कपाळाला गंध लावलेल्या एका गृहस्थांनी उजव्या हाताची ओंजळ करून तीर्थासारखं घेतलं आणि उरलेला हात डोक्यावरून फिरवला. भायंदरच्या दोन व्यापाऱ्यांनी घेतलं. बाटली माझ्यापर्यंत आली.

इथे जरा थांबतो. त्याच्या बरोबर साडेपाच आठवडे आधी, ११ जुलैला, याच पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले होते. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८०हून अधिक माणसं गेली. त्यानंतरच्या त्या आठवड्यांत गाडीत चढताना मी पिशवी वरच्या फळीवर ठेवत नव्हतो, मांडीवर ठेवायचो. आणि तीही उघडी, आतली प्रूफं दिसतील अशी. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण एखाद्याचा डबा जरा अवजड असला तरी लोक विचारायचे, ‘कुणाचा आहे?’ आणि विचारताना ज्या चेहऱ्यांकडे आधी बघायचे, त्यांत माझा चेहरा असायचा. आणि आज त्याच माहीमला, अनोळखी पोराच्या हातची उघडी बाटली, आत काय आहे ते न विचारता, डबाभर माणसं तोंडाला लावत होती! मला हसावं की रडावं कळेना. मीही दोन थेंब जिभेवर घेतले. नाही कसा म्हणणार? त्या महिन्याभरात त्या डब्यात मला कुणी इतक्या आपुलकीने काही दिलं नव्हतं.

आणि सांगतो, पाणी खरंच समुद्रासारखं खारट नव्हतं.

लोक हसतात ते इथे चुकतात. ‘वेडी माणसं, खारं पाणी गोड म्हणून प्यायली’ असं म्हणून मोकळे होतात. जीभ खोटं बोलत नव्हती. माहीमच्या खाडीत येऊन मिळते मिठी नदी. विहार तलाव भरून वाहू लागला की हिचा जन्म. पवईचं पाणी घेते, मरोळ, साकीनाका करत विमानतळाला वळसा घालते, कुर्ल्यावरून माहीमला समुद्राला लागते. जेमतेम १८ किलोमीटरची नदी. त्या ऑगस्टात पाऊस मजबूत झाला होता. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जड असतं. हलकं पाणी वर तरंगतं, आणि किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहून माणूस ग्लास बुडवतो तो वरच्याच थरात. मुंबईच्या आयआयटीतल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी तेव्हा साधारण हेच सांगितलं. पालिका तर ओरडून सांगत होती, पिऊ नका, आजारी पडाल. दुसऱ्या दिवशी भरती-ओहोटीने पाणी ढवळलं आणि समुद्र पूर्ववत खारा झाला. तोवर बातमी गुजरातेत वलसाडजवळच्या तिथलला पोचली होती. तिथलाही समुद्र गोड झाला! आणि दोनच दिवसांनी उत्तरेत देवाच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या.

मूर्तींचं ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा २१ सप्टेंबर १९९५. तेव्हा ना मोबाइल, ना चोवीस तास बडबडणाऱ्या वाहिन्या. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून निघालेली बातमी त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलपर्यंत गेली होती. आमच्या शेजारच्या काकूंनी मला हाताला धरून नेलं, ‘ये, तूही पाज, गणपती काही जात विचारत नाही.’ मी चमचा सोंडेला टेकवला. दूध कमी झालं! नंतर दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळतं. द्रवाच्या पृष्ठताणाचा खेळ. तिथेही डोळ्यांनी पाहिलेलं खरंच होतं. चमच्यातलं दूध जात होतं, फक्त पोटात जात नव्हतं. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग फरशी कुणी पुसली असेल रे?’ प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता.

पण प्रत्येक अफवेच्या बुडाशी असं काही खरं असतंच असं नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७३. तेव्हा हीच मिठी आमच्या घरात आली होती. अम्मीची लग्नातली पेटी, अब्बांची कागदपत्रं, माझ्या कवितांच्या वह्या, सगळं गेलं. (वह्यांचं जाणं मराठी साहित्याला परवडलं.) भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ राहिली. नंतर दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं! कुठे म्हणत होते, त्सुनामी आली. त्सुनामी हा शब्द आपल्याला माहीत होऊन सात महिनेच झाले होते. तो नवा होता, म्हणून जास्त भीतिदायक होता. जुहूच्या नेहरूनगर वस्तीत माणसं अंधारातून, अरुंद बोळांतून धावली आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक जीव गेले. त्यांत लहान मुलं होती. कुठलंही धरण फुटलं नव्हतं. त्या रात्री आम्हीही पळालो. अम्मीला पाठुंगळी घेऊन मी जिना चढलो, आणि दोन तास गच्चीवर पाण्याची वाट बघत बसलो. तेव्हा माझी बीएची पदवी कुठे गेली होती, विचारू नका.

अफवेचं आणि आगगाडीचं सख्य मात्र फार जुनं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. १४ डबे, ओढायला तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या शेतांतून ती धूर सोडत गेली. त्या काळी लोकांनी काय समजूत करून घेतली होती, ते प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ‘माझी जीवनगाथा’त नोंदवलं आहे. गाडीत बसायला कुणी धजेना. मुंबईत घरं नि पूल बांधायचेत, त्यांच्या पायात जिवंत माणसं गाडायला साहेब लोकांना फुकट नेतोय, अशी वदंता! पुढे १८६७ साली विरारहून लोकल सुरू झाली, तेव्हा साहेबाने बोरिवलीचं ‘बेरेवाला’ आणि अंधेरीचं ‘अंदारू’ केलं होतं. प्रूफरीडर नसला की असं होतं.

पुलाचं भय गंमतीचं वाटतं ना? २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणारा अरुंद पूल, सकाळची गर्दी, अचानक आलेला पाऊस, आणि ओलं होऊ नये म्हणून जिन्यावरच थांबलेली माणसं. २३ जणांचा जीव गेला. रेल्वेच्या चौकशीने पावसाकडे आणि गर्दीकडे बोट दाखवलं. पण वाचलेल्यांपैकी एका मुलीने चौकशीत सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. फुलवाल्याची फुलं पडली, कुणीतरी म्हणालं, ‘फूल गिर गया’. मागच्यांनी ऐकलं, ‘पूल गिर गया’. आयुष्यभर मी हेच काम केलं. एका अक्षराची चूक शोधायची, समासात खूण करायची, पान परत पाठवायचं. फ आणि प, छपाईत दिसायलाही किती जवळ! त्या जिन्यावर खूण करायला वेळ नव्हता. आणि २२ जानेवारी २०२५ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये ‘आग लागली’ एवढ्या दोन शब्दांवर माणसांनी रुळांवर उड्या घेतल्या, समोरून दुसरी गाडी आली. आग नव्हतीच.

म्हणून मला त्या माहीमच्या रात्रीबद्दल जरा माया वाटते. तिच्यात कुणी कुणाला चिरडलं नाही.

असो. तर त्या पोराने माझ्या रिकाम्या बाटलीतही पाणी ओतलं होतं. अंधेरीला उतरल्यावर ती गटारात ओतावी असं मनात आलं. पण ज्या पाण्यावर इतक्या लोकांनी दुआ मागितली ते गटारात कसं ओतायचं? घरी घेऊन गेलो. अम्मी जागी होती. शेजारच्यांकडून बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती. मी तिला घनता, हलकं पाणी, जड पाणी असं समजावू लागलो. ती म्हणाली, ‘तू बीए झालास बेटा, समुद्र नाही झालास. आण इकडे.’

मला वाटलं, आता ही पिणार. गुडघे दुखायचे तिचे. तिने टोपण काढलं, बाटली नाकाशी नेली, आणि बराच वेळ तशीच धरली. मग भिंतीवरच्या त्या रेघेकडे बघितलं. रंग दिला तरी ती पावसाळ्यात पुन्हा उमटायची.

‘ही तर आपलीच नदी,’ ती म्हणाली. ‘गेल्या वर्षी घरभर होती तेव्हा हाच वास होता. साकीनाक्याच्या तेलाच्या पिंपांचा.’

मिठी हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. मराठीत ती गळाभेट, हिंदीत गोडवा, आणि वेलांटी काढली तर उरतं मीठ. मी हे अम्मीला सांगायला गेलो तर ती म्हणाली, आता झोप, सकाळी कामावर जायचंय. आणि उठून तिने ते पाणी खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. बाटली साबणाने धुऊन, उपडी करून, ओट्यावर ठेवून दिली.