स्विस जोडणीपद्धती आणि पत्त्यांच्या स्पर्धांतील ‘नववा’ खेळाडू : एक ऐतिहासिक विवेचन

१८९५ साली झुरिच येथील बुद्धिबळ स्पर्धेत डॉ. जुलियस म्युलर या शिक्षकाने योजिलेली जोडणीपद्धती पुढे ‘स्विस पद्धती’ या नावाने रूढ झाली. आपल्याकडील बुद्धिबळप्रेमींना ती ‘स्विस लीग’ म्हणून परिचित आहे. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे तर १२८ स्पर्धकांना १२७ फेऱ्या लागतात. बाद पद्धतीत निम्मे स्पर्धक पहिल्याच फेरीत घरी जातात. स्विस पद्धतीत समान गुणांच्या खेळाडूंची गाठ घालतात आणि हरलेल्यासही पुढे खेळता येते.

रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मोठ्या स्पर्धांत विजयास ३ व बरोबरीस १ गुण देऊन स्विस फेऱ्या घेण्याची आणि पहिल्या आठांत बाद सामने खेळविण्याची प्रथा पडली. पेच येथेच निर्माण होतो. बरोबरी नाही असे गृहीत धरल्यास १२८ स्पर्धकांच्या ७ फेऱ्यांअंती १ अपराजित व ७ एकपराभवी खेळाडू उरतात. आठही जागा नेमक्या भरतात. स्पर्धक २५६ व फेऱ्या ८ असतील तर मात्र १ अपराजित व ८ एकपराभवी असे नऊ दावेदार होतात. सात सामने जिंकूनही एकास बाहेर राहावे लागते.

तो कोण, हे प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या सरासरी टक्केवारीवरून ठरते. (३३ टक्क्यांखालील प्रतिस्पर्धी ३३ चाच धरतात.) या कल्पनेचे मूळ १९३२ च्या सुमारास बुद्धिबळात आलेल्या बुखहोल्ट्झ गुणांत दिसते. पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू शून्य गुणांच्या गटात पडतो व त्यास बहुधा दुबळे प्रतिस्पर्धी लाभतात. अखेरच्या फेरीत हरलेला तोवर आघाडीवरच्यांशी झुंजलेला असतो. पराभव एकच, पण त्याचे मोल वेळेवर ठरते. बुद्धिबळात हे एक वेळ सोसता येईल; पत्ते पिसण्यातील दैवयोगाने झालेल्या पराभवास ते लावणे प्रस्तुत लेखकास अन्याय्य वाटते.

परस्परसंमतीच्या बरोबरीने गुंता वाढतो. वरील उदाहरणात आठव्या फेरीपूर्वी दोघे अपराजित असतात. ते खेळले तर हरणारा २१ गुणांवर राहून अन्य सात जणांसह सात जागांसाठी टक्केवारीच्या कसोटीस उतरतो. त्यांनी बरोबरी पत्करली तर दोघेही २२ गुणांवर निर्धास्त होतात, आणि बाहेर पडण्याचा सारा धोका त्या सात जणांच्या माथी जातो.